‘उंदरावरचं औषध’ म्हणून नाक मुरडण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एक मावशी मुलाच्या गाडीवर मागे बसून आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो आहे. वय साठीच्या पुढे, गोठ्यात दोन म्हशी, पाठीत कळ एवढी की बाकावर टेकताही येईना. दीड वर्षापूर्वी त्यांना हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं होतं आणि सहा महिन्यांनी एकदा पोटाच्या कातडीत घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं होतं. दोन घेतली. तिसरं घेतलंच नाही. का, म्हणून विचारलं तर मुलाने मोबाईल पुढे केला. त्यावर कुणीतरी पाठवलेला मजकूर होता : हे इंजेक्शन उंदरांवर प्रयोग करून काढलेलं आहे, परदेशी कंपन्या आपल्याला उंदीर समजतात, वगैरे. मावशी म्हणाल्या, “उंदराचं औषध मला कशाला देताय म्हटलं डॉक्टर, म्या काय उंदीर हाय व्हय?”

एक्स-रे काढला. पाठीचे तीन मणके दबले होते. पडल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. वैरणीची पेंढी उचलायला वाकल्या, एवढंच.

त्या तीन मणक्यांबद्दल हा लेख आहे. भांडण मावशींशी नाही. तो मजकूर लिहिणाऱ्याशी आहे, ‘उंदरावर’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या प्रत्येकाशी आहे, आणि थोडं माझ्या स्वतःच्या धंद्याशीही आहे. ते शेवटी येईलच.

आधी हाडाबद्दल बोलू. आपल्या डोक्यात हाड म्हणजे खांब किंवा काठी. खांब झिजतो, म्हणून वरून सिमेंट थापायचं, म्हणजे कॅल्शियमची गोळी खायची. हे चित्रच चुकीचं आहे. हाड जिवंत असतं. तुमच्या अंगातलं हाड रोज कुठे ना कुठे फोडलं जातं आणि रोज कुठे ना कुठे नव्याने भरलं जातं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नवा होतो. जुन्या, तडे गेलेल्या जागा खणून काढणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. आपण त्यांना हाड खाणाऱ्या पेशी म्हणू. नाव भयंकर वाटतं, पण त्या वैरी नाहीत. त्या नसतील तर हाड दगडासारखं घट्ट होतं, आतली मज्जेची जागा बुजते, दात हिरड्यातून वर येत नाहीत आणि एवढं घट्ट हाडही मोडतंच. अशा आजाराची मुलं जन्माला येतात, तेव्हा त्यांचे हाल बघवत नाहीत.

या हाड खाणाऱ्या पेशी हाडाच्या पोटी जन्मत नाहीत. त्या रक्ताच्या घराण्यातल्या. जंतू गिळणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज, त्यांच्या त्या चुलत बहिणी. मज्जेतल्या लहान पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी होते. ती हाडाला जळूसारखी चिकटते, कडेने जागा बंद करते आणि आत आम्ल सोडते. आम्लाने क्षार विरघळतात, मग एक एन्झाइम उरलेलं प्रथिनांचं जाळं तोडतं. दोनतीन आठवड्यांत खड्डा तयार. तो भरायला दुसऱ्या पेशींना, म्हणजे हाड बांधणाऱ्यांना, तीनचार महिने लागतात. ही तफावत लक्षात ठेवा. खणणं झटपट, भरणं सावकाश. खड्डे वाढले की भरणारे पुरे पडत नाहीत, आणि तुम्ही गोळीतून कितीही कॅल्शियम ओतलं तरी ते खड्ड्यात आपोआप जाऊन बसत नाही.

मग प्रश्न असा, की खणायचं कधी आणि थांबायचं कधी, हे या पेशींना सांगतं कोण?

पेशीला डोळे नसतात, पण कान असतात. तिच्या पृष्ठभागावर विशिष्ट घडणीची प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. प्रत्येक रिसेप्टरला एकच हाक ऐकू येते. ती हाक म्हणजे दुसऱ्या पेशीने बनवलेला एखादा रेणू. हाड खाणारी पेशी तयार व्हायला मुख्यतः दोन हाका लागतात. पहिली एम-सीएसएफ नावाची, तिने पेशी जगते आणि वाढते. दुसरी रँकल, तिने पेशीला ‘आता खणायला लाग’ असा हुकूम मिळतो. रँकल ऐकणाऱ्या कानाचं नाव रँक. आमवातासारख्या आजारात तिसरा एक आवाज फार मोठा होतो, तो टीएनएफ. सूज जिथे जिथे असते तिथे हा ओरडत असतो, आणि त्याच्या ओरडण्याने जवळचं हाड कुरतडलं जातं. म्हणून आमवाताच्या रुग्णांची बोटं नुसती दुखत नाहीत, वाकडी होतात.

हे सगळं कसं कळलं? उंदरांमुळे. आणि गंमत म्हणजे, वारणानगरच्या माणसाने तरी या गोष्टीला नाक मुरडू नये, कारण यात एक दूध संघ आहे.

जपानमध्ये होक्काइडो बेटावर १९२५ साली गवळ्यांनी सहकारी संस्था काढली. तिचीच पुढे स्नो ब्रँड नावाची मोठी दूध कंपनी झाली. दूध, लोणी, चीज विकणारी. तिची स्वतःची संशोधन प्रयोगशाळा होती आणि तिथे हाडांवर काम चालायचं. दूधवाल्यांना हाडांत रस असणं साहजिकच. १९९७ साली त्यांनी एक प्रथिन वेगळं काढलं, जे हाड खाणाऱ्या पेशी तयारच होऊ देत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अ‍ॅमजेन कंपनीच्या लोकांनी, पूर्णपणे दुसऱ्या वाटेने जाऊन, तेच प्रथिन पकडलं. त्यांनी एक अनोळखी जनुक उंदरांत घातलं आणि बघितलं तर उंदरांची हाडं एक्स-रेत पांढरीशुभ्र, दाट दिसत होती. प्रथिनाला नाव मिळालं ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे हाडाचं रक्षण करणारं. आणि ते निघालं काय, तर एक खोटा कान! पेशीला न चिकटलेला, रसात मोकळा फिरणारा रिसेप्टर. रँकलची हाक खऱ्या कानापर्यंत पोचायच्या आधीच हा तोतया ती गिळून टाकतो. पेशीला हुकूम ऐकूच जात नाही.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, दोन्ही गटांनी ती हाक, म्हणजे रँकल, हुडकली. मग १९९९ मध्ये रँकल नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या अंगात हाड खाणारी एकही पेशी नव्हती, हाडं दगडासारखी होती आणि दात वर आले नव्हते. इथवर अपेक्षेप्रमाणेच. अनपेक्षित गोष्ट २००० साली लक्षात आली : या उंदरिणी व्यायल्या की त्यांना दूधच येत नव्हतं. आचळातल्या दुधाच्या ग्रंथी वाढतच नव्हत्या आणि पिल्लं उपाशी मरायची. जी हाक हाडातून कॅल्शियम सोडवते, तीच हाक दुधाची ग्रंथी घडवते. विचार केला तर किती व्यवहारी रचना आहे ही! पिल्लाच्या दुधाला कॅल्शियम लागणार, ते आईच्या हाडातून उसनं काढायचं, आणि दोन्ही कामांना निरोप एकच.

(जाता जाता : अंगावर पाजलं म्हणून माझी हाडं गेली, असं म्हणणाऱ्या बायका रोज भेटतात. पाजत असताना आईची हाडं तीन ते दहा टक्के विरळ होतात हे खरं. पण पाजणं थांबल्यावर ती बहुतेक सगळी भरूनही येतात. सुनेला पाजू नको म्हणून सांगू नका.)

आता त्या इंजेक्शनकडे या. त्याचं नाव डेनोसुमॅब. ते रँकलला घट्ट धरून ठेवणारं प्रतिपिंड आहे, म्हणजे तोतया कानाचंच काम, पण सहा महिने टिकणारं. ते थेट उंदरातून मावशींच्या पोटाच्या कातडीत आलं नाही. मधे माणसांवरच्या चाचण्या आहेत. त्यातली मोठी चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या, साठ ते नव्वद वयाच्या ७,८६८ स्त्रिया, तीन वर्षं. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी दर हजारात ७२ जणींचे मणके नव्याने मोडले. खरं घेतलेल्यांत २३ जणींचे. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण दर हजारी १२ वरून ७ वर आलं. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, आता भारतीय कंपन्यांचंही मिळतं. ‘उंदरावर प्रयोग केलेलं’ हे वाक्य खरं आहे, फक्त ते अर्धं आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे या जवळजवळ आठ हजार बायका. फॉरवर्ड करणाऱ्याने त्यांना सोयीस्करपणे गाळलं.

आणि हे सगळं परदेशातच होतं अशीही समजूत नको. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने वीसेक वर्षं याच पेशींवर काम केलं आहे, आणि त्यांचा विषय नेमका हाच : कान. मज्जेतल्या पेशींना इंटरल्युकिन-३ नावाची एक हाक दिली तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं. २००३ साली त्यांनी दाखवलं की उंदराच्या मज्जेतली जी पेशी हाड खाणारी होणार होती, तिला ही हाक मिळाली की ती वाट बदलते आणि मॅक्रोफेज होते. पुन्हा मागे फिरत नाही. मग रँकल कितीही ओरडो.

२००५ साली पुढची पायरी आली. टीएनएफचा आवाज ऐकायला पेशीला दोन प्रकारचे कान असतात. इंटरल्युकिन-३ दिल्यावर ते दोन्ही कान कमी झाले. नीट लक्षात घ्या, आवाज बंद केला नाही, ऐकणारीचे कानच काढून घेतले. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदरांमध्ये याने सुजेचा संधिवात रोखता येतो. मला हे वाचताना आपल्याकडच्या आमवाताच्या बायका आठवतात. सकाळी उठल्यावर तासभर ज्यांची मूठ वळत नाही, त्यांच्या बोटांच्या सांध्यात नेमका हाच आवाज चालू असतो.

टीएनएफला आवर घालणारी औषधं आमवातात वापरली जातातच. त्यातलं एटानरसेप्ट हे तर सरळसरळ खोटा कान आहे, टीएनएफच्या रिसेप्टरचा तुकडा इंजेक्शनात भरलेला. त्याचा पायाही उंदरांनीच घातला. १९९१ मध्ये माणसाचं टीएनएफ जनुक घातलेल्या उंदरांना आपोआप संधिवात झाला, आणि टीएनएफ अडवल्यावर तो टळला. ज्यांची बोटं आज सरळ आहेत, त्यांतल्या कित्येकांनी त्या उंदरांचं देणं लागतं.

आता मी दुसऱ्या बाजूशी भांडतो. कारण ‘उंदरावरचं म्हणजे खोटं’ म्हणणारे जेवढे घातक, तेवढेच ‘उंदीर बरा झाला, आता तुम्हीही होणार’ म्हणणारे. अशा बातमीचं कात्रण घेऊन रुग्ण येतात, “हे औषध लिहून द्या” म्हणतात. पुण्याचंच काम घ्या. त्याच गटाने २०१० साली माणसाच्या पेशींवर प्रयोग केला. इंटरल्युकिन-३ने हाड खाणाऱ्या पेशी तिथेही अडल्या. पण रस्ता वेगळा निघाला. माणसाच्या पेशीत एम-सीएसएफ ऐकणारा कान कमी झाला, आणि पेशी मॅक्रोफेज न होता डेंड्रायटिक नावाच्या तिसऱ्याच प्रकाराकडे वळली. शेवट सारखा, वाट वेगळी. उंदीर आणि माणूस यांच्यातलं नातं असं आहे : भाऊबंद, पण सातबारा वेगळा. आणि वाट वेगळी असली की वाटेत भेटणारे धोकेही वेगळे असू शकतात. २००६ साली लंडनमध्ये एक नवं प्रतिपिंड प्राण्यांत निर्धोक वाटलं म्हणून सहा धडधाकट तरुणांना टोचलं आणि ते सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात गेले. म्हणून उंदरानंतर माणसाची पेशी, मग मोजकी माणसं, मग शेकडो, मग हजारो. ही रांग मोडून पुढे घुसणारा माणूस तुमचा मित्र नाही, मग तो बातमीदार असो, कंपनी असो की माझ्यासारखा डॉक्टर असो. इंटरल्युकिन-३ हे आज हाडांचं औषध नाही. कुणी त्या नावाने काही विकत असेल तर घेऊ नका.

पण ‘आम्हाला उंदीर समजतात’ या वाक्याने मला खरी चीड येते ती वेगळ्याच कारणाने.

हाडं ठिसूळ कशी होतात हे शिकण्यासाठी प्रयोगशाळेत जो सर्वांत जुना, सर्वांत सोपा प्रयोग करतात, तो असा : तरुण उंदरिणीची अंडाशयं काढून टाकायची. इस्ट्रोजेन बंद होतं, रँकल आणि टीएनएफ यांचा आवाज चढतो, आणि काही आठवड्यांत हाड विरळ होतं. हा प्रयोग करायला प्राण्यांच्या नीतिसमितीची परवानगी लागते, भूल द्यावी लागते, प्रत्येक उंदरिणीची नोंद ठेवावी लागते.

आता आपल्या उसाच्या फडात या. गळीत हंगामात आपल्या कारखान्यांच्या परिसरात ज्या टोळ्या उतरतात, त्यांतल्या अनेकजणी बीडकडच्या असतात. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातं, पोटात दुखतं, खाडा पडला की मुकादमाला दंड, मग ‘पिशवी काढून टाका’. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर त्या बाईची अवस्था आणि त्या उंदरिणीची अवस्था यांत हाडाच्या दृष्टीने फरक नाही. फरक एवढाच, की उंदरिणीची नोंद असते. बाईला तर बऱ्याचदा माहीतही नसतं की नुसती पिशवी काढली की अंडाशयंही. पंचेचाळिशीतल्या अशा बाईचा मणका दबलेला मी पाहिला आहे, आणि तिच्या डिस्चार्ज कार्डावर अंडाशयांबद्दल एक अक्षर नव्हतं.

तुमच्या घरात कुणाची पिशवी काढली असेल तर आज ते कार्ड शोधा. अंडाशयं काढली का, एक की दोन्ही, कोणत्या वयात, हे त्यात बघा. लिहिलं नसेल तर शस्त्रक्रिया केलेल्या दवाखान्यात जाऊन विचारा, तुमचा हक्क आहे तो. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढली असतील तर हाडांबद्दल आणि हॉर्मोनबद्दल डॉक्टरांशी बोलायला साठीची वाट बघू नका.

दुसरा प्रयोग पुडीचा. सांधे धरले, कंबर धरली की गावोगाव मिळणारी ‘वाताची पुडी’. दोन दिवसांत माणूस उठून चालायला लागतं आणि देणाऱ्याला देव मानतं. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. स्टेरॉइड हाड खाणाऱ्या पेशींचं आयुष्य वाढवतं, त्यांना मिळणारा रँकलचा हुकूम वाढवतं, तोतया कान कमी करतं आणि वर हाड बांधणाऱ्या पेशींना मारतं. म्हणजे खणणारे वाढले, भरणारे गेले. पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच हाड मोडण्याचा धोका चढतो. स्टेरॉइड वाईट औषध नाही, दम्यात आणि आमवातात ते जीव वाचवतं, पण मात्रा मोजून, किती दिवस ते ठरवून आणि हाडांची काळजी घेऊन. पुडीत यातलं काहीच नसतं. पुडी खाऊन चेहरा गोल झाला असेल, जरा लागलं की काळंनिळं होत असेल, साखर अचानक चढली असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजू नका. आणि घाबरून पुडी एकदम बंदही करू नका, महिनोन्महिने स्टेरॉइड घेतलेल्या शरीराला ते अचानक तोडलं तर जिवावर बेततं. ते हळूहळू उतरवावं लागतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

उंदरांवर तपासलेलं, मग आठ हजार बायकांवर तपासलेलं इंजेक्शन नको, आणि कुणावरच न तपासलेली, आत काय आहे हे न लिहिलेली पुडी हवी! उंदीर नेमकं कुणाला समजलं जातंय?

कॅल्शियमच्या गोळीबद्दल थोडक्यात. गोळी निरुपयोगी नाही, आहारात कॅल्शियम कमी असेल तर लागते, आणि वरची इंजेक्शनं चालू असताना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं असणं आवश्यकच आहे. पण गोळी म्हणजे हाडांचा उपचार नव्हे. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांना सरासरी सात वर्षं कॅल्शियम-ड देऊन पाहिलं, निकाल २००६ साली आला. खुब्याच्या हाडाची घनता एक टक्क्याने बरी राहिली, हाडं मोडण्यात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही, मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. कारण आता तुम्हाला कळलं असेल : गोळी विटा पुरवते, खणणाऱ्याला थांबवत नाही. पायाचं सूप आणि पांढरा रस्सा यांचीही तीच गोष्ट. हाड उकळून रश्शात फारसं कॅल्शियम उतरत नाही. चवीसाठी जरूर प्या. कॅल्शियम हवं असेल तर नाचणी खा, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आणि एक सांगतो, राग मानू नका : पहाटे उठून डेअरीला सगळं दूध घालायचं आणि घरातल्या बाईने कोरा चहा प्यायचा, हे किती घरांत चालतं ते मला माहीत आहे. त्यावर मिसरी. तंबाखूने हाडं विरळ होतात, मग ती ओढलेली असो की दातांना लावलेली.

मोफत शिबिरातलं टाचेचं मशीनही असंच. टाच ठेवायची, पट्टी लाल आली की टेबलावरची डबी विकत घ्यायची. टाचेच्या चाचणीने निदान होत नाही. निदानाला डेक्सा स्कॅन लागतो, कंबर आणि खुबा दोन्हींचा. त्यातला टी-स्कोर उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली म्हणतात. आणि साध्या पडण्याने मणका किंवा खुबा मोडला असेल तर स्कॅन काहीही म्हणो, उपचार लागतोच.

आता राहिलं ते माझं, म्हणजे आम्हा डॉक्टरांचं.

मावशींचे तीन मणके दबले ते इंजेक्शन घेतल्यामुळे नाही. नुसते हाडं ठिसूळ होती म्हणूनही नाही. इंजेक्शन मध्येच सोडल्यामुळे. डेनोसुमॅब रँकलला धरून ठेवतं, पण हाड खाणाऱ्या पेशींचं बी मारत नाही. सहा महिने संपले आणि पुढचा डोस आला नाही, की अडवलेला आवाज एकदम सुटतो. धरणाचे दरवाजे सगळे एकाच वेळी उघडावेत तसं. खालची गावं आपण पाहिली आहेत. शेवटच्या इंजेक्शनला सातआठ महिने झाले की मणके दबण्याचा धोका वाढतो, आणि मोडले तर एकाच वेळी अनेक मोडतात. हे असं का होतं, याचा एक धागा २०२१ साली सापडला. सिडनीतल्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या हाडात सूक्ष्मदर्शकाने डोकावून पाहिलं. समजूत अशी होती की हाड खाणारी पेशी काम संपलं की मरते. त्यांना दिसलं की ती फुटून लहान लहान तुकड्यांत विभागते, ते तुकडे दबा धरून बसतात आणि पुन्हा जुळून नवी पेशी होतात. रँकल अडवल्यावर असे तुकडे साठत जातात. अडसर काढला की सगळे एकदम कामाला लागतात. पुन्हा उंदीरच. माझ्या रुग्णाच्या पाठीत काय घडलं, ते मला सांगायला.

हे मावशींना कुणी सांगितलं होतं? मी त्यांच्या मुलाला विचारलं. “सहा महिन्यांनी या म्हणाले,” एवढंच. ‘हे इंजेक्शन चुकवायचं नाही, थांबवायचं असेल तर त्याजागी दुसरं औषध द्यावं लागतं’ हे वाक्य कुणी बोललंच नाही. ज्या दवाखान्यात ते सुरू झालं त्याला मी नावं ठेवत नाही, कारण गर्दीच्या दिवशी मीही ‘सहा महिन्यांनी या’ एवढंच म्हणून पुढचा नंबर घेतलेला आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला पाच मिनिटं होती. आम्हाला नव्हती.

तर हे इंजेक्शन चालू असेल त्यांनी हे करा. पुढची तारीख लिहून घ्या, महिन्याच्या आत इकडे-तिकडे चालेल, त्यापुढे नाही. खर्च परवडणार नसेल तर सुरू करण्याआधीच तसं सांगा, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनेट हा जुना, चांगला पर्याय आहे. तो हाडातच बसून राहतो आणि उशीर झाला तरी असा उसळून उलटत नाही. डेनोसुमॅब थांबवायचं ठरलं तरी बहुतेक वेळा त्याच्याच पाठोपाठ हे द्यावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा, रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल सांगा, क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. मांडीत नवीनच, पडझड न होता सुरू झालेलं दुखणं असेल तर ते अंगावर काढू नका. औषधाला दोष आहेत, ते मी लपवत नाही. उंदीर मात्र त्यातला एकही दोष नाही.

मावशी आता पट्टा लावून बसतात, वैरण सून आणते. उंची दीड इंचाने कमी झाली आहे, ती परत येणार नाही. इंजेक्शन पुन्हा सुरू केलं आहे आणि पुढची तारीख मुलाने डेअरीच्या दुधाच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, कारण ते पुस्तक त्या घरात दिवसातून दोनदा उघडतं.